सासू-जावयामधला आडोसा

सोमवार, ४ मे

मी बोलते आहे आणि डोरिन लिहिते आहे. डोरिन माझी बहीण. माझ्याहून धाकटी, पण मिशनमधून अक्षरं शिकून आली तेव्हापासून थोरलीच्या तोऱ्यात वागते.

शाळेतली शिक्षिका मिस इमोजेन, तिनं आज वर्गातल्या प्रत्येक पोराला एक कोरी वही दिली. रोजची हकिकत लिहायची म्हणे. एक माझ्याही हातात ठेवली. मी म्हटलं, "पोरी, मला लिहिता-वाचता येत नाही." ती इतकी लाल झाली, इतकी लाल झाली, की मलाच तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. वही मात्र मी परत केली नाही. फुकट मिळालेली वस्तू परत करायची आमच्यात रीत नाही.

आजपासून मी कर्लू बोअर गावच्या शाळेत शिकवते. शाळेत निम्मी पोरं आमची, इथल्या मूळच्या काळ्या लोकांची, आणि निम्मी गोऱ्यांची, म्हणजे पोलिसाची, नर्सबाईची, पेट्रोल पंपवाल्याची. महिन्याच्या शेवटी सलोखा सप्ताह येतो. काळ्या-गोऱ्यांनी जुनं काय ते उघड बोलायचं आणि पुढं नीट वागायचं, असा तो आठवडा. बाकीच्या आठवड्यांत कसं वागायचं ते सरकारनं अजून कळवलेलं नाही. तर तोवर मी पोरांना आमच्या चालीरीती सांगायच्या.

खरं सांगायचं तर मी हो म्हटलं ते सप्ताहासाठी नाही. माझा जावई त्याच वर्गात मदतनीस शिक्षक आहे आणि शाळेची गाडीही तोच चालवतो. प्रिन्सिपल मिस्टर डेन्बी म्हणालेत, सप्ताह होऊ दे, मग त्याला कायम ठेवायचं का ते बघू. ठेवलं तर माझी लेक शेरिल आणि नात लतीशा इथंच राहतील. नाही ठेवलं तर तिघंही पुन्हा त्या लांबच्या गुरांच्या फार्मवर जातील. तिथं फोनसुद्धा वाऱ्याची मर्जी असेल तर लागतो. लतीशा सात वर्षांची आहे. माझ्या पोटावर पाय टाकून झोपते. लाथा मारते, पण झोपते.

मी शाळेत असले तर त्याचं जरा बरं चालेल, असं मला वाटलं. जावयाशी मी बोलत नाही, हे वेगळं सांगायला नकोच. त्याच्याकडे बघत नाही, त्याचं नाव घेत नाही, आणि तोही माझ्याशी तसाच. सासू-जावयाचा मान असतो तो. डोरिन माझी बहीण म्हणजे तीही त्याची सासूच, तेव्हा तीही नाव लिहिणार नाही. वहीत नुसतं जावई म्हणू.

डोरिन म्हणते, हात दुखला. पहिल्याच दिवशी!

बुधवार, ६ मे

मिस इमोजेननं रंगांच्या बाटल्या काढून ठेवल्या होत्या. "मर्टलमावशी, आज आपण ठिपक्यांची चित्रं काढू या?"

मी म्हटलं, "ठिपके मागाहून. आधी बाहेर चला, वाळूत बसू."

पोरं आनंदानं किंचाळली. आतलं कुठलंही शिक्षण त्यांना बाहेर जास्त आवडतं. मी वाळू हातानं सारखी केली आणि बोटानं गोष्ट काढायला लागले. माणूस बसला की त्याची जी खूण वाळूत उमटते ती अर्ध्या कड्यासारखी. तसं एक कडं काढलं की एक माणूस. ही आई, ही मावशी, हे पोर, हा विस्तव. इतक्यात पंपवाल्याच्या ड्वेनच्या नाकातून रक्त यायला लागलं आणि मिस इमोजेन त्याला घेऊन दवाखान्यात पळाली. ती परत आली तोवर माझा धडा संपला होता.

सार्जंटची मुलगी ग्रेटा सगळ्यात पुढं बसली होती. नाकावर इतके ठिपके की रंगांच्या बाटल्यांची गरज नाही. तिनं विचारलं, "ही मधली लांब वाकडी रेघ कसली?"

"फांद्यांचा आडोसा. अलीकडं सासू बसते, पलीकडं जावई."

"का?"

"मान म्हणून. तुझ्या बायकोला जन्म देणारी बाई! तिच्याकडं काय टकमका बघायचं?"

"मला बायको नसणार."

"मग तुला फार सोपं आहे."

जावई त्या वेळी कुंपणापाशी आमच्याकडं पाठ करून पेन्सिली तासत होता. ग्रेटानं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुम्ही कध्धीच बोलला नाहीत? मग तो चांगला आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

मी म्हटलं, "माझ्या दारात मांस येतं. गोड कुणीही बोलेल. शिकार करून आणून कोण देतं ते बघायचं."

पोरांनी मग आपापल्या घरची माणसं वाळूत काढली. ग्रेटानं आपल्या आजीला आणि बाबांना एका विस्तवाशी बसवलं होतं. थोडा विचार करून तिनं मधे आडोसा घातला. म्हणाली, "नाताळात हे फार उपयोगी पडलं असतं."

शुक्रवार, ८ मे

मिस इमोजेन रोज सकाळी धावते. पाठीमागं कुणी लागलेलं नसतं, तरी धावते. आज ती आमच्या घरावरून जात असताना जावयानं दारात कांगारूची शेपटी ठेवली आणि तो पळाला. मी दार उघडतच होते, तेव्हा पळणं भाग होतं.

तिनं सगळं बघितलं. फाटकापाशी धापा टाकत उभी राहिली. "मावशी, तो नेहमी असं करतो?"

"दर शुक्रवारी."

"आणि तुम्ही… काहीच बोलत नाही त्याला?"

"काय बोलणार?"

तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं पोरीला भूक लागली असेल. म्हटलं, "ये दुपारी, शेपटी राखेत पुरणारच आहे." ती मान हलवत निघून गेली. आज काही नीट धावत नव्हती.

मंगळवार, १२ मे

मिस इमोजेननं मला चहाला बोलावलं, शिक्षकांच्या खोलीत. एक टेबल, दोन खुर्च्या, समोरासमोर. मी एका खुर्चीत बसले. ती म्हणाली, मी बिस्किटं आणते, आणि गेली. दारातून आत कोण यावं? जावई! त्यालाही बोलावलं होतं.

त्यानं मला बघितलं, म्हणजे बघितलं नाही, पण उंबऱ्यावरचा पाय तसाच मागं घेतला. मी खुर्ची उचलून भिंतीकडं फिरवली. थोड्या वेळानं खिडकीतून एक हात आत आला, टेबलावरचा चहाचा कप उचलून बाहेर गेला. चांगला वळण लागलेला माणूस आहे. माझ्या लेकीनं नवरा नीट निवडला. म्हणजे मीच निवडला, पण तिला वाटतं तिनं निवडला.

मिस इमोजेन बिस्किटं घेऊन आली तर मी भिंतीकडं तोंड करून आणि तो बाहेर टाकीपाशी. ती खाली बसली. "मावशी, मनात साठवून ठेवू नये काही."

"मनात काही नाही. बिस्किटं फार गोड आहेत मात्र."

मग तिनं त्याच्याबद्दल विचारायला सुरुवात केली. तो किती वर्षं असा आहे? त्याला वाईट वाटत असेल ना? तो घरी कसा असतो? शेरिलशी नीट बोलतो का?

मी घरी आले आणि डोरिनला म्हटलं, "आपल्या जावयावर हिचा डोळा आहे."

डोरिन म्हणाली, "मलाही तसंच वाटलं."

मांस ठेवून पळालेल्या पुरुषाकडं बघून कुठल्या बाईच्या डोळ्यांत पाणी येतं? सांगा!

गुरुवार, १४ मे

शेरिलला सावध केलं. ती राखेतून भाकर काढत होती. इतकी हसली की भाकर हातातून पडली आणि कुत्र्यानं नेली.

"आई, मिस इमोजेनचा मित्र आहे अ‍ॅडलेडला."

"अ‍ॅडलेड लांब आहे."

"आई!"

"मी एवढंच म्हणते, नवऱ्याचा डबा तू स्वतः नेऊन दे."

ती अजून हसते आहे. कुत्रा भाकर खाऊन झोपला. त्याचं नाव सार्जंट. गावातल्या एका माणसाला त्याचा राग येतो, पण कुत्रा आधी आला होता, पोलीस नंतर बदलून आला.

मंगळवार, १९ मे

आज पोरांना रानात नेलं. बाभळीच्या मुळांतल्या पांढऱ्या अळ्या कशा हुडकायच्या ते मी दाखवणार होते. गाडीपाशी गेले तर मागच्या सगळ्या जागा भरलेल्या, डोरिन कुत्र्याला मांडीवर घेऊन, मिस इमोजेनसुद्धा पोरांच्या मधे दाटीवाटीनं बसलेली.

"मावशी, पुढची जागा तुमच्यासाठी राखली आहे. मानाची!"

पुढची म्हणजे ड्रायव्हरशेजारची. आणि ड्रायव्हर म्हणजे जावई. त्यानं मी येताना बघितलं आणि दुसऱ्या दारानं उतरून मागचं चाक तपासायला गेला. तपासतोय, तपासतोय. आमच्या दवाखान्यात माणसाची एवढी तपासणी होत नाही. मी उभी. तो वाकलेला. पोरं हसून बेजार. शेवटी लतीशा ओरडली, "आजी, तू इकडं ये, मी ग्रेटाच्या मांडीवर बसते!" मी मागं शिरले, पोरांनी माझ्यापुढं घोंगडी धरली, आणि मग कुठं जावयाचं चाक बरं झालं.

आता पुढची जागा रिकामी. तिथं कोण जाऊन बसलं? मिस इमोजेन. त्याच्या शेजारी. वाटभर त्याच्या कानाशी काहीतरी हळू आवाजात सांगत होती. मी घोंगडीच्या भोकातून तिच्यावर नजर ठेवली. तिच्यावर, त्याच्यावर नाही.

रानात मात्र मजा आली. जमिनीला भेग दिसली की तिथं खणायचं, मूळ हाताला लागलं की मोडायचं. ग्रेटाला पहिली अळी मिळाली, अंगठ्याएवढी जाड. तिनं डोळे मिटले आणि कच्चीच तोंडात टाकली. म्हणाली, "बदामासारखी लागते." ड्वेन म्हणाला, "मी नाही खाणार," आणि तीन खाल्ल्या.

परत निघताना गाडीत पाणी कमी होतं, हे मला दिसलं, जावयाला दिसलं नव्हतं. मी कुत्र्याला मोठ्यानं म्हटलं, "सार्जंट, बाबा, माझ्या लेकरांना वाटेत तहान लागली तर कोण जबाबदार?" पलीकडून लगेच रानातल्या टाकीचा नळ सुटल्याचा आवाज. लेकी बोले सुने लागे, तसं आमचं कुत्र्या बोले जावया लागे.

मिस इमोजेन डोरिनला म्हणाली, "त्या कुत्र्याशी बोलतात, पण त्याच्याशी नाही!" डोरिननं उत्तर दिलं, "कुत्रा जावई नाही ना."

शुक्रवार, २२ मे

ड्वेननं विचारलं, मावशी, तुम्ही शाळेत का नाही गेलात?

डोरिन म्हणते हे नको लिहायला. मी म्हटलं, लिही.

मी पोरांना सांगितलं: आमचा बाप गुरांच्या फार्मवरचा गोरा होता, म्हणून सरकारला आम्ही हव्या होतो, गोऱ्यांसारखं वाढवायला. तेव्हा शाळा म्हणजे एक मोटार होती. ती यायची आणि पोरं घेऊन जायची, आणि पोरं परत येत नसत. मोटारीची धूळ दिसली की आई मला कोरड्या नदीच्या वाळूत पुरायची, तोंडावर गवत टाकायची. एकदा धूळ उशिरा दिसली. डोरिन तापानं फणफणली होती, झोपडीत निजली होती. मला पुरून होईस्तोवर मोटार येऊन गेली.

डोरिन मिशनमधून परत आली ती माझ्याहून उंच होऊन. तिला अक्षरं येत होती आणि आमची भाषा येत नव्हती. ती मी तिला पुन्हा शिकवली. अक्षरं शिकवायला ती तयार होती, पण मीच म्हटलं, राहू दे. आपल्या दोघींत मिळून एक शिकलेली आहे, तेवढं पुरे.

मग ग्रेटा म्हणाली, "मोटार कोण चालवायचं?"

मी म्हटलं, "पोलीस."

तिची हनुवटी थरथरायला लागली. मी म्हटलं, "तुझे बाबा तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते. त्यांना एवढंच सांग, की आज तू हे ऐकलंस."

डोरिननं पेन खाली ठेवलं आहे. हे शेवटचं वाक्य तिनं ते पुन्हा उचलून लिहिलं. पुरे आज.

सोमवार, २५ मे

मधल्या सुट्टीत बघते तर पोरांचा नवा खेळ. ग्रेटा सासू, ड्वेन जावई. ड्वेन समोरून आला की ग्रेटा गर्रकन पाठ फिरवते. तो तिच्या पायरीवर सँडविच ठेवतो आणि पळतो. लतीशा कुत्रा झाली होती आणि सगळे तिच्यामार्फत बोलत होते. अर्ध्या मैदानात पाठीच पाठी! एवढं चांगलं शिकलेला वर्ग मी बघितला नव्हता. तसा दुसरा वर्ग मी बघितलेलाच नाही, पण तरी.

मी अभिमानानं मिस इमोजेनकडं बघितलं. ती खांबाला धरून उभी होती. "मुलांनीसुद्धा उचललं," म्हणाली, आणि नाक पुसत प्रिन्सिपलच्या खोलीकडं गेली. मला वाटलं आनंदाश्रू. माझी तारीफ सांगायला गेली असेल.

मंगळवार, २६ मे

मिस्टर डेन्बीनं बोलावलं. हा यंदाचा प्रिन्सिपल. गेल्या वर्षीचा गेल्या वर्षीच गेला.

"मर्टल, तुमचं आणि…" त्यानं जावयाचं नाव घेतलं, मी खिडकीबाहेर बघितलं. "तुमचं दोघांचं बोलणं नाही, असं कळलं."

"नाही."

"किती दिवस?"

"लग्न झाल्यापासून."

त्यानं कपाळाला हात लावला. "आणि हे कधी सुटायचं?"

"मी मेल्यावर."

मी अगदी आनंदानं सांगितलं, कारण जावयाची तारीफच होती ती. पण तो पांढरा पडला. होताच, आणखी पडला. मग म्हणाला, सलोखा सप्ताहात हे असं मुलांसमोर चालणार नाही. दोघांपैकी एकालाच पुढं ठेवता येईल. कोण, ते तुम्ही आपसात ठरवा.

मला वाटलं, जागा एकच उरली असेल. सरकारकडं जागा नेहमी एकच उरते. मग ठरवायचं काय त्यात? मी म्हटलं, "माझे गुडघे दुखतात. मी थांबते. त्याला ठेवा." आणि उठले. गुडघे दुखतात म्हटल्यावर जरा लंगडतही आले फाटकापर्यंत.

वाळूतला धडा अर्धा राहिला. आकाशातला काळा एमू पक्षी, चांदण्यांमधल्या काळोखाचा, दाखवायचा होता पोरांना. जाऊ दे. लतीशा राहील.

डोरिननं चहात साखर जास्त घातली.

बुधवार, २७ मे

शेरिल सकाळीच आली, डोळे सुजलेले. "आई, त्यानं काल नोकरी सोडली."

"कुणी?"

"कुणी काय? तुझ्या जावयानं! प्रिन्सिपलनं त्यालाही बोलावलं होतं. तो म्हणाला, पोरांना शिकवणारी ती आहे, मी काय, मला गुरं राखता येतात. तिला ठेवा. आता शनिवारी फार्मवर निघायचं म्हणतोय."

मला इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं, की कुठलं आधी करावं कळेना. आणि त्याला सांगणार कसं? मी अंगणात गेले. रस्त्यापलीकडं तो गाडीत सामान भरत होता. मी त्याच्याकडं पाठ केली आणि कुत्र्याला बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं, "सार्जंट! तुझ्याएवढा गाढव मी जन्मात बघितला नाही! कुणी सांगितलं होतं तुला एवढं चांगलं वागायला?"

रस्त्यावर ब्रेक कचकन लागला. पोलिसाची गाडी. खरा सार्जंट काच खाली करून माझ्याकडं बघत होता.

"मी काय केलं, मर्टल?"

"तू नाही रे बाबा. तू जा."

पण पलीकडं सामान भरायचा आवाज थांबला होता.

गुरुवार, २८ मे

आज वर्गात ना मी, ना जावई. दुपारी मी आणि डोरिन विस्तवापाशी बसलो होतो, तर सगळा वर्गच रस्त्यानं आला. पुढं मिस इमोजेन, ओठ चावत, मागं पोरं.

"मावशी, मी फार मोठी चूक केली."

मी मनात म्हटलं, आली कबुलीवर. डोरिनला कोपर मारलं.

"मला वाटलं, तुमचं आणि त्याचं वैर आहे."

"कुणाचं?"

"तुमचं! तो मांस ठेवून माफी मागतो आणि तुम्ही माफ करत नाही, असं वाटलं मला. म्हणून मी चहाला बोलावलं, गाडीत शेजारी जागा ठेवली. मी समेट घडवत होते! मग दोघांनी एकमेकांसाठी नोकरी सोडली, तेव्हा मला काही समजेना. वैरी असं करतात का? मी सकाळी वर्गात विचारलं, तर…"

पोरं थांबली असती तर! सगळी एकदम. "ती सासू आहे ना मिस!" "मान असतो तो!" "आडोसा असतो मधे!" "पहिल्याच धड्यात शिकवलं!"

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" मिस इमोजेन म्हणाली.

ग्रेटा म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाहीत."

"पहिल्या धड्याला तू कुठं होतीस?" मी म्हटलं.

"ड्वेनचं नाक," ती म्हणाली. सगळ्यांनी ड्वेनच्या नाकाकडं बघितलं. त्यानं ते हातानं झाकलं.

तिचे डोळे भरले होते. अशा वेळी माणसाला एकट्यानं गाढव ठरू देऊ नये. मी म्हटलं, "रडू नकोस. मला वाटलं होतं तुझा माझ्या जावयावर डोळा आहे."

ती आधी लाल झाली, पहिल्या दिवसाहून लाल. मग अशी हसायला लागली की वाळूत बसली. डोरिन हसली. पोरं आपण कशाला हसतोय हे न कळता हसली. रस्त्यापलीकडच्या गाडीमागूनही कुणीतरी हसल्यासारखं वाटलं, पण मी तिकडं बघितलं नाही.

हसणं संपल्यावर लतीशानं तिला विचारलं, "मिस, मग आम्ही शनिवारी जायचं का?"

मिस इमोजेननं डोळे पुसले आणि उठून उभी राहिली. "मिस्टर डेन्बींना मी समजावते."

मी म्हटलं, "तू नको. तू समजावलंस की काय होतं ते बघितलं. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी त्यांनाच घेऊन ये. तोवर कुणी कुठं जात नाही." हे शेवटचं जरा मोठ्यानं म्हटलं, कुत्र्याकडं बघून.

शनिवार, ३० मे

कुणी कुठं गेलं नाही. लतीशानं रात्रभर लाथा मारल्या.

बुधवार, ३ जून

सप्ताहाचा शेवटचा दिवस. जावयानं पहाटेच गाडीभर बाभळीच्या फांद्या आणल्या होत्या. पोरांनी मैदानाच्या मधोमध आडोसा उभा केला, छातीएवढा उंच. अलीकडं मी, चहाचा विस्तव, वाळू आणि अर्धा वर्ग. पलीकडं जावई, शिकारीची काठी, खड्ड्यात पुरलेल्या शेपट्या आणि उरलेला अर्धा. घंटा झाली की पोरं बाजू बदलत होती. मी काढलेल्या पाऊलखुणा पाठ करून जात, आणि तो त्यांना सांगे की हा प्राणी कुठं वळला, कुठं थांबला. एकाच गोष्टीचे दोन तुकडे दोघं सांगत होतो. एरवीही असंच चाललं होतं, पण आज ते गोऱ्यांना दिसलं.

मिस्टर डेन्बी आला. पोरांनी त्याला अडवलं. लतीशानं विचारलं, "तुम्ही इथं कुणाचे कोण?"

त्यानं घसा साफ केला. "मी प्रिन्सिपल आहे."

"ते नाही. कुणाचे कोण?"

त्याला सांगता येईना. तेव्हा त्याला आडोशाच्या टोकाला बसवलं, जिथं दोन्हीकडचा धूर येतो. बिचारा तासभर डोळे पुसत बसला, पण उठला नाही. आडोशाला हात लावून बघत होता. ग्रेटानं वाळूत अर्धी कडी काढून त्याला सगळं समजावलं. मग तो मिस इमोजेनला काही म्हणाला, आणि तिनं लांबूनच मला दोन बोटं दाखवली. दोघंही. मला आकडे येतात.

ग्रेटाचे बाबा, म्हणजे माणूस सार्जंट, टोपी काढून डोरिनशेजारी येऊन बसले. बराच वेळ बसले होते. काय बोलले ते डोरिन मला सांगत नाही, आणि माझी वही असूनही इथं लिहीत नाही.

दुपारी शेपट्या उकरल्या. पहिला तुकडा, बुडाकडचा, चरबीचा, पलीकडून हातोहात माझ्याकडं आला. मी एक घास खाल्ला. सगळे बघत होते. मी कुत्र्याला म्हटलं, "सार्जंट, शेपटी बरी आहे, पण मीठ जरा कमी पडलंय."

पलीकडं धावपळ. मग मिठाचा डबा निघाला: जावयाकडून ड्वेनकडं, ड्वेनकडून लतीशाकडं, आडोशाला वळसा घालून शेवटी मिस इमोजेनकडं. तिनं तो माझ्यापुढं धरला, मान पूर्ण दुसरीकडं वळवून.

"अगं, तू माझी जावई नाहीस," मी म्हटलं. "तू बघ माझ्याकडं."

तिनं बघितलं. मी चिमूटभर मीठ घेतलं आणि तिचं लक्ष नसताना वाळूत टाकलं. मीठ बरोबर होतं. अगदी बरोबर होतं. पण मला त्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि "राहिलास ते बरं केलंस" हे कुत्र्याला कसं सांगणार? कुत्रा तर कुठंच जाणार नव्हता.